पुसून दिलेला आवाज

हंबीरराव मोहिते माईकवर बोलायला लागला की मला हलगी थांबवावी लागायची. मी ज्योतिबा, हलगीवाला. कडेगावच्या आसपास जितकी म्हणून कुस्तीची मैदानं भरली, त्यातल्या निम्म्यांत तरी तो माईकपाशी आन् मी त्याच्या शेजारी. कुठला पैलवान, कुठल्या तालमीतला, मागल्या साली त्यानं कुणाला आस्मान दाखवलं, सगळं तोंडपाठ. रंगात आलेली माणसं उठून उभी राहिली की ह्यो म्हणायचा, "बसा रं खाली! मागं बसल्यालीबी आईबापाची लेकरं हायती, त्यांनाबी बघू द्या!" सगळं मैदान हसत खाली बसायचं. पोलिसांच्या काठीला जे जमायचं न्हाई ते ह्याच्या गळ्याला जमायचं.

घरात शिरला की तोच आवाज एवढासा व्हायचा. अंबूबाईवहिनींना त्यानं उभ्या जन्मात नावानं हाक मारली न्हाई. आमच्याकडं मारतंय कोण? तो "आगं ए" म्हणायचा. पण त्या "आगं ए"चे लय प्रकार. चहा पाहिजे असला की एक, चष्मा सापडंना की दुसरा, आन् भांडण मिटवायचं असलं की तिसरा, लांबडा, गुळात बुडवल्यागत. वहिनी घरामागं परड्यात असल्या तरी नुसत्या आवाजावरनं वळखायच्या, काय पाहिजे ते. मी थट्टा करायचो, "वहिनी, ह्याला तुमचं नाव तरी ठावं हाय का?" त्या हसायच्या. म्हणायच्या, "भावजी, ह्यांनी मला नावानं हाक मारली तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत्यात म्हणून मी वळून बघायचीसुदिक न्हाई."

तंबाकूनं घात केला. मी सांगून सांगून थकलो, "आरं हंबीर, गळ्यावर तुझं पोट न्हाई, ऊस हाय तुझा, पण तुझी अब्रू त्या गळ्यावर हाय." ऐकंल तर शपथ. घसा बसला, बसलेला उठेना, मग मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचंल, पण आवाजाची पेटीच काढावी लागंल. हंबीर बाहेर येऊन बाकड्यावर बसला आन् मला म्हणाला, "ज्योत्या, म्हंजे आता तुला हलगी थांबवायला कोण सांगायचं?"

त्याची पोरगी रेश्मा पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत हाय. ती रजा टाकून आली, येताना तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घेऊन. म्हणाली, "आबा, रोज लागणारे शब्द तुमच्या आवाजात भरून ठेवू. नंतर बटन दाबलं की तुमीच बोलाल." तशी दोघं बसली. चहा. पाणी. दुखतंय. फॅन लाव. मग हंबीर म्हणाला, "'असू दे गं' ह्येबी घाल." रेश्मा म्हणाली, ते कशाला? तो म्हणाला, "तुझी आई सारखी मनाला लावून घेती. दूध उतू गेलं तरी रडती. मला लागंल ते."

सगळ्यात जास्ती वेळ "आगं ए"नं घेतला. पहिल्यांदा म्हणाला ते मैदानावरलं झालं. दुसऱ्यांदा म्हणाला तर वहिनी समोर बसलेल्या, त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आन् ह्यो लाजला. साठी उलटलेला बाप्या, कानापतूर लाल! शेवटी वहिनींना परड्यात धाडलं. रेश्मा म्हणाली, "आता खरंच हाक मारा." हंबीरनं मान वळवली आन् मारली हाक, रोजच्यासारखी. वहिनी खरंच बोलावलं असं समजून तिकडनं ओरडल्या, "काय वो?" तेबी मागं बारीक भरलं गेलं. रेश्मा म्हणाली, काढते ते. हंबीर म्हणाला, "न्हाई, राहू दे. जोडी हाय ती."

बटनांवर वहिनींनी खुणा चिकटवल्या. चहाला चॉकलेटी कागूद, पाण्याला निळा, "असू दे"ला हिरवा. आन् स्वतःच्या, "आगं ए"च्या बटनावर लावली लाल टिकली, पाकिटातली, कपाळाला लावायची.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पडलं आन् माणूस मुका झाला. पण घर काय मुकं झालं न्हाई. मी कवाबी गेलो तरी आतनं ऐकू यायचं, "आगं ए," मागनं बारीक "काय वो?" आन् तेवढ्यात खऱ्याखुऱ्या वहिनी सैपाकघरातनं, "आले, आले!" मला लय हसू यायचं. एका नवऱ्याला दोन दोन बायकांनी ओ दिल्यागत! हंबीर गालात हसायचा आन् मुद्दाम परत दाबायचा. एक मात्र खरं, चारचौघांत त्यानं तो डबा कवा उघडला न्हाई. मैदानाला आला तर मागं बसायचा. ज्याच्या गळ्यानं मैदान खाली बसवलं, तो लोकांपुढं बटन दाबून बोलंल व्हय? मरंल, पण दाबायचा न्हाई.

चार-एक वर्सं त्या लॅपटॉपनं रेटली. मग ते म्हातारं झालं. चालू व्हायला एवढा वेळ की तवर चहा पिऊन व्हायचा. रेश्मा म्हणाली, त्यातलं जुनं विंडोज आता संपलं, नवीन त्यावर चढत न्हाई, कवातरी दगा देईल. आता ते सफरचंदाच्या खुणेचं घ्या, माझ्याकडं तेच हाय, मला हितनं बसून दुरुस्त करता येईल. पण त्याची नव्याची किंमत ऐकून हंबीरनं दोन्ही हात कानाला लावले. म्हणून मग सांगलीच्या सन्मती चौगुलेच्या दुकानातनं रिफर्बिश घ्यायचं ठरलं. रिफर्बिश म्हंजे काय हो? कुणीतरी वापरून टाकलेला, दुकानदारानं उघडून, झाडून, बॅटरी बदलून परत उभा केलेला. थकलेल्या पैलवानाला तेल लावून आखाड्यात सोडत्यात तसं. मला पटलं नव्हतं, पण मला इचारतंय कोण?

आता वहिनींचं सांगतो. त्या बाईच्या हातनं कुठली वस्तू दुसऱ्याच्या दारात तशीच गेली न्हाई. गाय इकली तवा तिला आंघोळ घालून, शिंगांना तेल लावून, हळदीकुंकू वाहून, गूळ खायला घालून मग दोर दिला. शेजारची वाटी परत करताना घासून, पुसून, वर चिमूटभर साखर घालून. "खरकटं भांडं दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, आपलं उष्टं दुसऱ्याला लागू नये," ह्यो त्यांचा धर्म. जुना लॅपटॉप सन्मतीला द्यायचा ठरला, तर सकाळी त्याला मऊ फडक्यानं पुसला, झाकणाला हळदीकुंकू लावलं आन् धुतलेल्या टॉवेलात गुंडाळला. आमी तिघं सांगलीला गेलो.

सन्मती पोरगा चांगला. वाईट बोलणार न्हाई त्याला. त्यानं जुन्यातले फोटो, गाणी, कागदपत्रं सगळं नव्यात घेतलं. रेश्मानं फोनवर सांगितल्याप्रमाणं तसल्याच बटनांचा दुसरा प्रोग्रॅम नव्यात घातला, कारण जुना त्या सफरचंदात चालत न्हाई. रेश्माला वाटलं, रेकॉर्डिंग गाण्यांसंगं आलं असंल. ते गाण्यांत नव्हतंच. ते त्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात व्हतं. वहिनी स्टुलावर बसून नखानं एकेक खूण अलगद सोडवत व्हत्या आन् नव्या बटनांवर डकवत व्हत्या. टिकलीचा गोंद गेलेला, तर पाकिटातनं नवी काढून लावली.

सन्मती म्हणाला, "मामा, एकदा दाबून बघा की. सगळं आलंय न्हवं?"

हंबीरनं बोट उचललं बी व्हतं. तेवढ्यात दारातनं एक मिशीवाला आत आला आन् ओरडलाच, "आवं, मोहिते निवेदक न्हवं तुमी? लय ऐकलंय तुमाला!" वाकून त्यानं हंबीरचे पाय धरले. आणखी दोघं-तिघं वळून बघायला लागली. हंबीरनं छाती काढली, बोट मागं घेतलं आन् सन्मतीला मान हलवली. सगळं बरोबर हाय.

सन्मतीनं जुना हातात घेतला. "मग ह्यातलं सगळं पुसून टाकू?"

वहिनी म्हणाल्या, "तर! पूस बाबा चांगलं. आमचं काय बारीकसारीक बी त्यात ठेवू नगंस. घेणाऱ्याला वाटायला नगं, कुणाचं खरकटं दिलं म्हणून."

सन्मतीनं पुसलं. चांगलं पुसलं.

घरी आल्यावर हंबीरनं नवा लॅपटॉप टेबलावर मांडला. वहिनी हौसेनं सैपाकघरात गेल्या, हाक यायची वाट बघत. मी तिथंच खुर्चीवर. हंबीरनं टिकली दाबली. काय न्हाई. परत दाबली. मग चॉकलेटी दाबलं, निळं दाबलं. पडद्यावर चौकोन चमकायचे आन् गप व्हायचे. आतनं वहिनी म्हणाल्या, "का वो, हाक मारताय न्हवं?"

रेश्माला फोन लावला. पोरगी आधी शांतपणं इचारत व्हती, ह्ये बघा, ते उघडा. मग म्हणाली, "जुना कुठाय?" मी म्हणालो, पुसून दिला. मग ती रडायलाच लागली.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन त्या सन्मतीला नाही नाही ते बोललो. त्या पोरानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं हरतऱ्हेनं खटपट केली, वळखीच्या जाणत्यांना दाखवलं आन् मग स्वतः कडेगावला आला. टॉवेलात गुंडाळलेला तो जुना लॅपटॉप वहिनींच्या पुढ्यात ठेवला. हळदीकुंकू तसंच व्हतं. "मावशी, माफ करा. त्यातनं काय निघत न्हाई." त्याचेबी डोळे भरलेले. आता ह्याला शिव्या घालू का त्या मिशीवाल्याला? का हंबीरच्या ताठ्याला? राग धरावा असं एकबी माणूस सापडंना, आन् त्यानं तर जीव जास्तीच जळतो.

तुमी म्हणाल, मोबाईलवर मैदानांचे व्हिडिओ असतील की. हायती, ढीगभर हायती. सगळे लावून बघितले. त्यात ह्यो पैलवानांची नावं पुकारतोय, माणसांना खाली बसवतोय, आन् निम्म्या ठिकाणी माझी हलगीच वर चढलेली. लोकांसाठीचा आवाज सगळा हाय. वहिनींसाठीचा तेवढा गेला.

वहिनींनी अन्न टाकलं. भिताडाला टेकून एकच बोलायच्या, "मी पूस म्हणलं. माझ्या तोंडानं मी पूस म्हणलं." हंबीर उठला, त्यांच्यापुढं लॅपटॉप धरला आन् सवयीनं हिरवं बटन दाबलं. असू दे गं. त्याच्यासाठीच भरून ठेवलेलं ते. त्यातनं कुठला आवाज येतोय? त्यानं दोनदा-तीनदा दाबलं. मग लॅपटॉप खाली ठेवून, मी समोर बसलेलो असताना, त्यानं बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. चाळीस वर्सांत मी असं कवा बघितलं नव्हतं. मी उठून अंगणात आलो आन् पोटभर रडलो, खोटं कशाला बोलू.

पुढं रेश्मा आली. म्हणाली, ह्या लॅपटॉपात वाचून दाखवणारा आवाज हाय, मराठी बोलतो, आपण काय लिहू ते बोलंल. आवाज बाईचा मिळाला. लय गोड, शिकल्यासवरल्या बाईचा, शहरातल्या. चहा, पाणी, सगळं ती बाई बोलाय लागली. टिकलीच्या बटनावर हंबीरनं आधी "आगं ए" लिहिलं. त्या बाईनं ते असं काय म्हटलं, की जणू दारात आलेल्या कुत्र्याला हाकलतीय. हंबीरनं मान हलवली, न्हाई म्हणून. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, दुसरं लिहिलं. जन्मात कवा तोंडानं घेतलं नव्हतं ते.

वहिनी सैपाकघरात भाकऱ्या थापत व्हत्या. त्यांना काय ठावं नव्हतं. हंबीरनं टिकली दाबली.

"अंबूबाई," लॅपटॉप म्हणाला.

"आले गं बाई!" म्हणत वहिनी पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या. आमच्या पुढनं, हंबीरच्या पुढनं सरळ गेल्या दाराशी. दार उघडून रस्त्याकडं बघितलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"कुणीच न्हाई की वो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बाईनं हाक मारल्यागत वाटलं."

आन् दार लावून परत भाकरी करायला गेल्या.