साडभाऊंचा वरचा सूर

जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ चुकीच्या माउथपीसात आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा साडू निघाला. बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान खामगावच्या एका कचेरीत टपालाची आवक-जावक सांभाळतात, पण तो त्यांचा जोडधंदा. खरं काम ट्रम्पेट वाजवण्याचं. दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीच्या बँडपुढे ते चालतात, आणि मोठ्या चौकात शेवटच्या धूनच्या टोकाला असा एक वरचा सूर लावतात की कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उठून उडतात. चौकातली माणसं त्या एका सुरासाठी घाम पुसत थांबलेली असतात.

तो सूर माणूस लावतो, असा आपला समज. साडभाऊंच्या मते तो माउथपीस लावतो. ओठाला टेकवायची पितळी वाटी उथळ असेल तर सूर वर चढतो, खोल असेल तर खाली बसतो, हा सिद्धांत त्यांनी वाद्यापुरता ठेवला नाही. चहा ते बशीतूनच पितात. "खोल भांड्यातलं पेलं की ओठ सुस्त होते," असं त्यांचं शास्त्र. एका पुढाऱ्याचं भाषण ऐकताना मी त्याला उथळ म्हणालो, तर हे म्हणाले, "म्हणून तं आवाज वर जाऊन राह्यला त्याचा." भंगारवाल्याकडून, बंद पडलेल्या बँडवाल्यांकडून, मिळेल तिथून ते माउथपीस जमवतात आणि लेथवाल्याकडे बसून त्यांच्या कडा घासून घेतात. दोन-तीन तर खिशात किल्ल्यांबरोबर कायम खुळखुळत असतात. एकदा बुलढाण्याला जाताना एसटीच्या मागच्या सीटवर ते नुसत्या माउथपीसात ओठ फडफडवून रियाज करत होते. कंडक्टर पुढून तणतणत आला आणि म्हणाला, "बकरी कोनाची हाय? तिकीट काढा तिचं."

माझ्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेलो तेव्हा बाकीचे नोकरी, घरदार विचारत होते आणि साडभाऊ मुलाच्या वरच्या ओठाकडे टक लावून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "दात सरळ हाय, ओठ पातळ हाय. करून टाका." लग्न उत्तम झालं, संसारही छान चाललाय. जावयानं अजून साधी शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही.

माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या ताई, शाळेतून निवृत्त झालेल्या. गुडघ्यांमुळे त्या मिरवणुकीला जात नाहीत, पण घर चौकापासून दोनच गल्ल्या आत, त्यामुळे सूर घरात ऐकू येतो. तो ऐकला की त्या पंख्याखाली निवांत आडव्या होतात. "आता लोक याईले तासभर सोडत नाई," त्या म्हणतात. चहा त्यानंतर केव्हातरी.

गेल्या हिवाळ्यात साडभाऊंचे वरचे पुढचे दात हलायला लागले. काढावेच लागतील, असं दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र चेहरा उजळलेला. जन्मभर दाताप्रमाणे माउथपीस शोधला, आता माउथपीसाप्रमाणे दात करून घ्यायचे! सगळा साठा रुमालात बांधून ते मला घेऊन दवाखान्यात गेले आणि टेबलावर ओतला. बाईंना आधी ते नळाचं सामान वाटलं.

"ह्यो सगळ्यात उथळ," साडभाऊ म्हणाले. "याले नेमके टेकतीन असे दात द्या."

"काका, दात जेवायला असतात."

"जेवाले वरण-भात हाय न, बाई."

दात झाले. तीनदा घासून परत बसवले. खालचे सूर झकास लागायचे. वरच्या सुराला मात्र कवळी वर जायची आणि सूर जागेवर राहायचा. एप्रिल जवळ येत गेला तसा त्यांनी एकेक माउथपीस लावून पाहिला, आणि एका संध्याकाळी अंगणात सगळे पुढ्यात घेऊन बसले असताना हळूच म्हणाले, "चौकात नाई लागला तं मी लोकाईले काय तोंड दाखवू, भाऊ?" मी काहीतरी थातुरमातुर बोललो.

मिरवणुकीच्या संध्याकाळी चौक गच्च भरला होता. धून चढत चढत टोकाला आली, माणसं श्वास रोखून उभी राहिली, आणि ट्रम्पेटातून नुसती हवा आली. ढोलवाल्यांनी चटकन सावरून घेतलं. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही, आणि त्याचाच त्रास जास्त झाला. मिरवणूक पुढे सरकली तसे साडभाऊ ट्रम्पेट काखेत घेऊन कडेनं निघाले. मी मागोमाग. वाटभर त्यांनी मान वर केली नाही.

घरात शिरलो तर टेबलावर चहा तयार. वाफ येत होती. ताई गुडघा चोळत खुर्चीत बसल्या होत्या.

"आज इतक्या लवकर काऊन ठेवला?" साडभाऊंनी विचारलं.

"धून संपली, सूर नाई आला," ताई म्हणाल्या. "म्हटलं, आज कोनापाशी थांबनार नाई. सरळ घरी येतीन."

साडभाऊंनी ट्रम्पेटला लावलेला तो उथळ माउथपीस काढून टेबलावर ठेवला आणि खाली बसले. गडबडीत ताई बशी द्यायला विसरल्या होत्या. मी उठून आणणार होतो, पण त्यांनी कप सरळ दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. मला माझ्या या साडूबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

"अजून देऊ?" ताईंनी विचारलं.

"हाव," ते म्हणाले, आणि कप पुढे केला.