सोनाळ्याच्या शब्दांची फाईल

यजमान गेल्यावर दीड वर्ष आमचा कॉम्प्युटर कुणी सुरू केला नव्हता. डोणगावच्या घरात मी एकटी, मुलगी बेंगळुरूला. दर शनिवारी त्याच्यावरचं कापड धुऊन पुन्हा घालायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

एकदा कशाचा तरी अर्ज भरायला म्हणून तो लावला. सुरू व्हायलाच पाव तास गेला, आणि पडद्यावर सूचना आली की या जुन्या विंडोजला आता सुधारणा मिळणार नाहीत. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, भंगारात दे तो. मी लॅपटॉप पाठवते."

मला तो द्यायचा नव्हता. त्यात यांची फाईल होती. हे मूळचे सोनाळ्याचे, शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी बसून गावाकडचे शब्द टाईप करून ठेवायचे. मी ती फाईल कधी उघडून पाहिली नव्हती.

यांच्या शाळेतले विज्ञानाचे सर मेहकरला राहतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, मशीन चांगलं आहे. विंडोज काढून लिनक्स टाकू. जुन्या मशीनवर ते हलकं चालतं."

रविवारी ते आले. फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि म्हणाले, "आता आतलं सगळं पुसलं जाईल. करू ना?"

मी "करा" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. विंडोज सुरू होताना एक सूर वाजायचा. तो ऐकू आला की हे बसले असं समजून मी चहा ठेवायची. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. "झालं, या," अशी सरांनीच हाक मारली.

नवा पडदा स्वच्छ होता, भराभर उघडत होता. मग सरांनी फाईल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, काहींच्या डोक्यावर टिंबं, मधेच पौंडाची चिन्हं. एक शब्द वाचता येईना.

"गेलं का सगळं?"

"गेलं नाही, वहिनी. आमच्या मराठीच्या सरांनी हे जुन्या फॉन्टात टाईप केलंय. तो फॉन्ट विंडोजबरोबर पुसला गेला. आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे असे जुने फॉन्ट असतात. मिळेल कदाचित."

दुसऱ्या दिवशी फॉन्टचं नाव चिठ्ठीवर घेऊन मी एसटीने मेहकरला गेले. तिसऱ्या दुकानात तो फॉन्ट निघाला. दुकानदाराने पेनड्राइव्हवर घालून दिला आणि विचारलं, "लग्न आहे का घरी?" मी नाही म्हणाले.

संध्याकाळी सरांनी तो बसवला आणि अक्षरं परत आली. ते म्हणाले, "हे युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून ठेवा. मग कुठल्याही मशीनवर दिसेल." ते गेल्यावर मी एकटीच वाचत बसले.

गंज : पातेलं. 'गंजातलं दूध उतू जाऊन राह्यलं, पाह्य ना.'
सांबार : कोथिंबीर. 'वरणात सांबार नाही टाकला काय?'
उलुसा : थोडासा. 'उलुसा चहा दे मले.'
काऊन : का. 'आज बोलून नाही राह्यली, काऊन?'

प्रत्येक शब्दापुढे वाक्य होतं, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य माझ्याशी बोललेलं होतं. किंवा बोलायचं राहिलेलं.

माझे जावई पुण्याचे. त्यांच्या घरचे पहिल्यांदा बोलणी करायला येणार होते तेव्हा मी यांना म्हणाले होते, "त्यांच्यासमोर जरा नीट बोला. मले-तुले नको." हे "बरं" म्हणाले. पाहुणे जेवून गेले, सोयरीक झाली, लग्न झालं. हे नीटच बोलत राहिले. घरात, माझ्याशीसुद्धा. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं. कधी विचारलं नाही, की आता तसं काऊन नाही बोलत.

दुसऱ्या दिवसापासून मी टाईप करायला लागले. एका बोटाने, दिवसाला दहा-बारा शब्द. काही शब्दांपुढची जागा यांनी रिकामी सोडली होती. त्यांचे अर्थ मला येत नव्हते. म्हणून सोनाळ्याला मोठ्या नणंदबाईंना फोन केला. वर्षश्राद्धानंतर आमचं बोलणं झालं नव्हतं.

"हे शब्द तुले आता कायले पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी लिहून ठेवलेत. अर्थ राहिलेत."

त्या म्हणाल्या, "सांग एकेक."

मी वाचत गेले, त्या सांगत गेल्या. एका शब्दावर हसल्या आणि लहानपणी हे विहिरीजवळ कसे घसरून पडले ते सांगू लागल्या. गोष्ट अर्धी झाली आणि तिकडची रेंज जाऊन फोन कट झाला. मी परत लावला. चार-पाच वेळा लावला. लागला नाही.

मिळाले तेवढे अर्थ मी टाईप केले आणि फाईल सेव्ह केली.