वजिराचं प्यादं

आमच्या सर्व्हे कॅम्पात गोडं पाणी मोजून मिळायचं. किस्से मात्र इतके साठायचे, की पिंपं कमी पडावीत.

बोट दुबईत, बर दुबईच्या धक्क्याला लागली तेव्हा मी पोलिश साहेबासाठी इंग्रजी वाक्य पाठ करत होतो. कॅम्पात पोचल्यावर ते म्हणायला तोंड उघडलं, तर साहेबच म्हणाला, "जेवलास काय रं?" दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कोल्हापुरात निर्वासित होता. माझं इंग्रजी तिथंच खलास.

साहेबाचे भूमितीचे प्राध्यापक पुढे पोलंडचे पंतप्रधान झाले. एखादा मंत्री फार बोलू लागला, की ते खडू पुढे करत, "आकृती काढून दाखवा."

एकदा आमचा कंत्राटदार उशिराची कारणं सांगत बसला. साहेबानं खिशातून खडू काढला. कंत्राटदारानं मुकाट्यानं माणसं वाढवली.

बाणकोटचे गफूरचाचा आमचे खानसामा. साहेबानं त्यांना मुकादम केलं. लोक जोरात खणू लागले की चाचा ओरडायचे, "अरे, जरा हळू! करपेल!"

नव्या खानसाम्याची पाण्यासारखी डाळ पाहून साहेबानं विचारलं, "लेव्हलचं यंत्र कुठाय? ही डाळ कुठल्या बाजूला वाहते, बघू दे."

चाचांचा जीव चुलीपाशीच होता. पण मुकादमीची बातमी बाणकोटला पोचली होती. "लेकीच्या सासरी मला आता मुकादम म्हणतात, पोरा," ते मला म्हणाले. "परत पळी धरली तर ती तिथं कुठलं तोंड दाखवेल?"

संध्याकाळी ते साहेबाशी बुद्धिबळ खेळत, आम्ही भोवती बसून बघत असू. एकदा साहेब म्हणाला, "आमचे प्राध्यापक पंतप्रधानकी सोडून परत शिकवायला आले."

चाचांचा हात पटावरच थांबला. "प्याद्याचा वजीर होतो साहेब. वजिराचं प्यादं? असला नियम नाही."

"त्यांनी केला."

चाचांनी एक प्यादं पुढे सरकवलं. मग हळूच विचारलं, "वर्गातली पोरं हसली असतील?"

"हसायला सवड कुठली? आल्या आल्या परीक्षा घेतली."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅम्पभर सुरमईच्या कालवणाचा वास. चुलीपाशी चाचा, हातात पळी. साहेबासकट सगळे रांगेत.

रांगेतून कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय मुकादम, झालं वजिराचं प्यादं?"

चाचांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"बोलणं बंद. ताटं घ्या. आज परीक्षा आहे."