समोरच्या घरातलं हळदीकुंकू

नव्वदच्या दशकात आम्ही पंचवटीत एक बैठं घर घेतलं. आत एक कुटुंब कब्जा करून बसलं होतं, म्हणूनच ते स्वस्तात मिळालं. विकणारा म्हणाला, "खरेदीखत होऊ द्या, लगेच खाली करून देतो." आणि आम्ही शहाण्यांनी विश्वास ठेवला! खरेदीखत होताच तो गायब झाला. कोर्टात तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि आम्ही समोरच्याच चाळीत भाड्याने राहिलो.

खिडकीतून रोज ती बाई दिसायची. माझ्या अंगणात सडा घालायची, माझ्या जास्वंदीची फुलं तोडायची. पाडव्याला माझ्या दारात तिची गुढी. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

संक्रांतीला तिने सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलं, मलाही. नवरा नको म्हणत होता, तरी गेले. घर आतून बघायचं होतं ना! मेलीने स्वयंपाकघर असं लख्ख ठेवलं होतं, की मलाही जमलं नसतं.

मी दारातच अवघडून उभी राहिले. तिने हात धरून मला आत घेतलं.

"या ना वहिनी, लाजताय काय? आपलंच घर समजा."