न बसवलेला गिअरबॉक्स

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा जुन्या सवयीने माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणत्या वळणावर?" चिखलीहून त्याचे शेजारी जाधवकाका बोलत होते. ते गोंधळले. "वळण कशाचं ताई? घरीच, ओट्यावर. चहा पेऊन राह्यले होते. कप खाली ठेवला अन् भिंतीले टेकले..." सहा वर्षं ज्या फोनच्या धास्तीत मी जगले तो आला होता, पण त्यात राजूर घाट नव्हता, दरी नव्हती, दादाची ती जुनी व्हॅनही नव्हती. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्याने नोकरी केली आणि जन्मभर दुसऱ्यांच्या मागे बसून फिरला, कुणाच्या सायकलवर, कुणाच्या मोटारसायकलवर, जीपच्या मागच्या फळीवर. एसटीची पायरी त्याला चढवत नसे, चढवावं लागे. निवृत्त झाल्यावर त्याने कुणालाही न विचारता एक म्हातारी व्हॅन विकत आणली. परदेशातून आलेली, आत दोन माणसांची झोपायची सोय, एक शेगडी, छोटंसं बेसिन. पण त्याला भुलवलं ते निराळ्याच गोष्टीने. गाडी ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. "सुमे, माणूस गाडीत बसते ते येगळं, अन् गाडी आपल्या हातात असते ते येगळं," तो म्हणाला होता. साठीला आलेला माणूस त्या दिवशी अंगणात नुसता पुढे-मागे गाडी घेत होता आणि मी गेटपाशी डोळे मिटून उभी होते.

मी पहिल्यापासून भित्री. गॅसचा कॉक दोनदा बघून झोपणारी. दादा दर बाजाराच्या दिवशी चिखलीहून बुलढाणा, तिथून घाट उतरून मोताळ्याला माझ्याकडे यायचा, व्हॅन दाराशी लावायचा आणि माझ्या स्वयंपाकघरातला चहा सोडून स्वतःच्या शेगडीवर करायचा. मला तिथे पाहुणीसारखं बसवायचा. मजा वाटायची, खोटं कशाला सांगू! पण तो परत निघाला की घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी जेवायला बसत नसे.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्यासोबत घाट चढत होते. अर्ध्यावर इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना. मग ती मागे सरकली. दादाने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी ती जड गाडी लगेच थांबेना. मी मागे पाहिलं. एसटीची काच इतकी जवळ होती की चालकाच्या कपाळावरचा घाम मला दिसला. गाडी कशीबशी थांबली. "चाकाखाली दगड लाव," दादा म्हणाला. मी उतरले, दगड लावला आणि तिथेच रस्त्यावर बसून हमसाहमशी रडले. "काऊन रडतं? उभी हाय ना गाडी," तो आतून म्हणाला. त्याचा उजवा पाय अजून ब्रेकवरच दाबलेला होता.

गाडी ओढून चिखलीला वसंता मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी पाहून सांगितलं की गिअरबॉक्स संपला, आता तीन वाटा आहेत. हाच उघडून दुरुस्त करायचा, पण सुटे भाग मिळायचे नाहीत. भंगार बाजारातून तसाच दुसरा जुना आणायचा, पण तो कोणत्या गाडीतून निघाला, किती झिजला, कोण सांगणार? नाहीतर सरळ साधा, हाताने बदलायचा गिअरबॉक्स बसवायचा, तो टिकाऊ. दादा म्हणाला, "दुसरा पाहू." दोन दिवसांनी मी एकटीच बसने मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, "ऑटोमॅटिक भेटत नाही असं सांगा त्याले. साधा बसवा." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग दादा चालवतीन कशे? क्लच दाबाले डावा पाय..."

"म्हणूनच तं," मी म्हणाले. परतीच्या बसमध्ये मला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

त्यानंतर फोनवर मी मुद्दाम विचारायची, "गिअरबॉक्सचं काय झालं रे?" तो म्हणायचा, "पाहून राह्यलो." चार महिने तो मोताळ्याला आला नाही. मी दोनदा गेले. तो ओट्यावर बसलेला असायचा, रस्त्याकडे तोंड करून. मी मनात म्हणायची, राहू दे, सुखरूप तर आहे...

मागच्या आठवड्यात मिस्त्रींनी बोलावून घेतलं. गॅरेजच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती. वरचं प्लॅस्टिक त्यांनी बाजूला केलं. आत गिअरबॉक्स होता, पुसून लखलखीत केलेला. "ताई, मले खोटं बोलता आलं नाही. तुमी येऊन गेल्या त्याच सांजेले मी दादाले सांगून टाकलं." तर दादा म्हणाला, "सुमी लय भेली त्या दिवशी. गिअरचा डबा आपण चांगला शोधू, पण बसवू नको. ती आपल्या मनानं बसवा म्हणंल, तवाच बसव." मग दोघांनी तीन गिअरबॉक्स पाहिले. दादा प्रत्येकातलं थेंबभर तेल बशीत काढायचा आणि प्रयोगशाळेत मुलांना शिकवायचा तसा हाताने हवा नाकाकडे ओढून वास घ्यायचा. दोन जळके निघाले. तिसऱ्याचं तेल लाल, स्वच्छ होतं. "हा चांगला हाय," म्हणाला, आणि पेटीत भरून ठेवून दिला.

मी पेटीशेजारी खाली बसले. तो घाटात जाईल या भीतीने मी त्याला ओट्यावर बसवलं होतं, आणि तो ओट्यावरूनच गेला. माझ्या भीतीने त्याला वाचवलं नाही, फक्त चार महिने घरात कोंडून ठेवलं. एकदा तरी भांडायचं माझ्याशी! पण त्याला मला घाबरवायचं नव्हतं.

"एक जण हा डबा इकत घ्याले तयार हाय," मिस्त्री हळूच म्हणाले. "काय करू?"

दाराबाहेर व्हॅन उभी होती, चारही चाकांना दगड लावलेली. मला गाडी चालवता येत नाही, आणि घाटाची भीती अजून गेलेली नाही.

"बसवा," मी म्हणाले.