वहीतली अठरा तारीख

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मनोहरराव भोयर भाऊंच्या दिघोरीतल्या घराखालच्या कार्यालयात पत्रिकांची चळत पुढ्यात घेऊन बसले होते. तेरा मे. अकरा लग्नं, दोन तेरव्या. भाऊंनी आधी कुठे जायचं, हे ते वहीत लाल आणि निळ्या पेनने मांडत होते. निळं लग्न, लाल मयत. लाल नोंद आधी. लग्नाला उशिरा आलेला नेता लोक चालवून घेतात, हे ते भाऊंकडच्या चौदा वर्षांत शिकले होते.

भाऊ कुही तालुक्यातून दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आले. पहिल्यांदा एकसष्ट मतांनी. आता त्यांना आमदारकीचं तिकीट हवं आहे. वीस मे रोजी पक्षाचे निरीक्षक कुहीत कार्यकर्त्यांशी बोलणार आहेत. मनोहरराव त्रेसष्ट वर्षांचे, पूर्वी कुहीतल्याच एका राइस मिलमध्ये कारकून होते. पगार थोडा. पण भाऊंची गाडी त्यांच्या वहीप्रमाणे चालते.

सात वाजता फोन आला. कुहीचा धम्मानंद. त्याची आई भीमाबाई सहा तारखेला वारली होती. पहिल्या निवडणुकीत ती भाऊंना घेऊन बारा गावं पायी फिरली होती. भाऊ तिला माय म्हणत. फोनवर नेहमीचा जयभीम नव्हता.

"काका, भाऊ काल काहून नाही आले?"

"कुठं गा?"

"कुठं म्हणजे? घरी. मायचं पुण्यानुमोदन होतं."

"अठराले आहे ना तेरवी?"



"आमच्याकडे तेरवी कधीपासून करून राहिले लोक? सातव्या दिवशी ठेवलं होतं. व्हॉट्सॲपवर टाकलं होतं तुमाले. दोन्ही टिक निळ्या झाल्या."

"धम्मानंद..."

"दुसऱ्या पार्टीवाला आला ना. खिरीची बादली घेऊन वाढत होता पंगतीत. म्हाताऱ्या म्हणे, भीमाबाईनं पोरगं बदलवलं वाटते."

फोन बंद झाला. मनोहररावांनी मोबाइल चाळला. दोन लग्नपत्रिकांच्या मध्ये तो मेसेज होता: बारा मे, सकाळी अकरा. उघडलेला, न वाचलेला. भीमाबाई गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी बोटांवर तेरा दिवस मोजून अठरा तारखेवर लाल नोंद केली होती. चौदा वर्षं ते बौद्ध घरांत जात होते. तिथे तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोटांनी मात्र स्वतःच्या घरच्यासारखंच मोजलं.

भाऊ आठ वाजता खाली आले. तोवर मनोहरराव दोनदा पाणी प्यायले होते आणि त्यांनी वहीचं तेच पान पाच-सहा वेळा उघडलं होतं. कुहीतलं बूथ धम्मानंद सांभाळतो. वीस तारखेला निरीक्षक त्यालाही विचारणार.

त्यांनी सगळं सांगितलं. भाऊ पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभेच राहिले.

"चुकलं कोण?"

"मी."

"लोक तुमचं नाव घेतीन का, मनोहरराव? मीच विसरलो म्हणतीन. मायले विसरला म्हणतीन." मग म्हणाले, "ताप होता म्हणून सांगा."

"काल संध्याकाळच्या वरातीतले तुमचे फोटो फेसबुकवर आहे. नाचतानाचे."

"कोणं टाकले?"

"श्वेतानं."

श्वेता भाऊंची पुतणी. ही वही बंद करून सगळं मोबाइलवर घेऊ, असं ती दिवाळीपासून सांगत होती. भाऊंनी प्लेट खाली ठेवली.

"वीस तारखेनंतर पाहू वहीचं. आता काय करता?"

"आज तो भेटत नाही, ड्यूटीवर गेला. उद्या सकाळी घरी जाऊ. मी गाडीत येतो. चूक माझी आहे, हे मी त्याच्यासमोर सांगतो. तुमी फक्त बसा."

"न् त्यानं दारातूनच पाठवलं तर?"

मनोहररावांनी अठरा तारखेची नोंद खोडली आणि चौदा तारखेच्या पानावर लाल पेनने सर्वांत वर लिहिलं: कुही, भीमाबाईचं घर, साडेसहा. खाली, लहान अक्षरात: हार नाही, फोटो नाही, श्वेता नाही.

दिघोरीहून कुहीला पोचायला तासभर लागतो. धम्मानंद नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत तंत्रज्ञ आहे. त्याची कंपनीची बस कुहीच्या स्टँडवरून सात वाजून दहा मिनिटांनी सुटते. साडेसहाला पोचलं, तरी बोलायला जेमतेम अर्धा तास मिळणार होता.