गट म्हणजे कुठला?

सयाजी हवालदार सैन्यातून निवृत्त होऊन फलटणजवळच्या वस्तीवर परतले, तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस पारावर बसून सरहद्दीच्या गोष्टी सांगणार. हवालदारांनी मात्र लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून देणाऱ्या एका ओपन सोर्स ॲपची माहितीपुस्तिका मराठीत लिहायला घेतली. ओपन सोर्स म्हणजे कुणीही फुकट वापरावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी, असा राजीखुशीचा मामला. पगार नाही, रजा नाही, तरी हवालदार खूश.

एका विहिरीवरून पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांना मिळून काय म्हणायचं, यावर ऑनलाइन बराच खल झाला. ॲपच्याच कामातली सांगलीची साक्षी म्हणाली, शब्द कशाला, विहीर कुठली असा सरळ प्रश्नच विचारूया. हवालदार 'गट' या शब्दावर अडून बसले आणि जिंकले. त्या आनंदात त्यांनी बायकोकडून, राहीबाईंकडून, शिरा करून घेतला.

मग वस्तीने ॲप घेतलं. पुस्तिकेत होतं, 'तुमचा गट लिहा'. लोकांनी लिहिला. कुणी जमिनीचा गट नंबर टाकला, खुद्द राहीबाईंनी आपला बचत गट टाकला, आणि भाऊसो व अर्जुना या सख्ख्या भावांनी आपापल्या पुढाऱ्याचं नाव टाकलं. पंचायतीच्या निवडणुकीपासून दोघांत विस्तव जात नव्हता. ॲप बिचारं सरळमार्गी. दोन गट म्हणजे दोन विहिरी असं धरून त्याने दोन्ही गटांना एकाच सकाळी पाणी दिलं. विहीर एक, मोटर एक, आणि स्टार्टरपाशी फावडी घेतलेले दोन भाऊ.

हवालदारांनी धावत जाऊन मोटर बंद केली. भाऊसोने सांगून टाकलं की, सांजच्याला हे नीट झालं नाही तर ॲप बंद, पुन्हा ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी. हवालदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हुकमाचे दोन अर्थ निघतात तो हुकूमच नव्हे, हे त्यांनी पलटणीत पोरांना घोकवलं होतं.

घरी राहीबाईंना हसू आवरेना. "आवं, गट म्हंजी कुठला, येवढं मला इचारलं असतं तर?"

हवालदारांनी साक्षीला कळवलं की तिचंच बरोबर होतं. मग स्वतःच्या हाताने सगळीकडचा 'गट' खोडला आणि लिहिलं, 'कुठल्या विहिरीचं पाणी घेता?' तसं करताना जीवावर आलं, हेही खरं.

सांजच्याला ते धाकधूक मनात घेऊन विहिरीवर गेले. दोघा भावांनी पाठ फिरवून आपापल्या फोनवर उत्तर लिहिलं. दोघांनीही वडिलांच्या नावाने 'आबाची विहीर' असंच लिहिलं होतं. पडद्यावर त्या नावाखाली भाऊसो आणि अर्जुना, लागोपाठ.

पहिली पाळी कुणाची लावू, असं हवालदारांनी भीतभीतच विचारलं.

"त्याची लाव," भाऊसो म्हणाला. "त्याचा ऊस लय सुकलाय."